मुंगसाचा रवंथ

एका जंगलात एक नियम होता. सर्वांगीण सराव पूर्ण झाल्याशिवाय कुणी चेंडूला पाय लावायचा नाही.

त्या नियमाला एक शेपूटही होतं. का, असं विचारायचं नाही.

बाळांनो, तुम्हीही विचारू नका. मांडी घालून बसा. पाठ ताठ. हां. आता ऐका.

त्या जंगलात भिंगरी नावाची एक मुंगसाची मुलगी राहायची. तिचे डोळे नुकते उघडले होते, तेव्हाच आईनं तिला हा नियम सांगितला. आधी दूध पाजलं, मग नियम सांगितला.

"आई, का?" भिंगरीनं विचारलं.

आईनं तिच्या तोंडावर पंजा ठेवला आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून झुडपाबाहेर डोकावून पाहिलं.

भिंगरीचं आणि त्या नियमाचं पहिलं भांडण ते. त्या वेळी नियम जिंकला.

जंगलाच्या मधोमध एक छान मैदान होतं. दोन्ही टोकांना बांबूचे गोल उभे केलेले होते. गवत इतकं हिरवंगार, की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत. ते हिरवंगार होतं, कारण त्यावर कुणी खेळत नसे.

चेंडूही होता. तो मैदानाच्या कडेला वडाच्या फांदीवर, जाळीत टांगलेला असे. दर खंडेनवमीला तो खाली उतरवत, पाटावर ठेवत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि आरती करून पुन्हा वर टांगत. तीन वर्षांच्या हळदीनं तो पिवळाजर्द झाला होता. मूळ रंग कोणता, यावर जंगलात दोन मतं होती.

आता तुम्ही म्हणाल, हे असं कधी सुरू झालं?

भिंगरीच्या जन्माआधीची गोष्ट. दर होळीला या जंगलाचा बालसंघ आणि नदीपलीकडच्या रानाचा बालसंघ यांच्यात फुटबॉलचा सामना होई. त्या वर्षी आपल्या जंगलाची पोरं अकरा-शून्यानं हरली. तशी दरवर्षीच हरत, पण अकरा म्हणजे फार झालं.

लगेच मंडळाची बैठक बसली. मंडळात तिघं होती. अध्यक्ष गवाआजोबा. सदस्य घोरपडराव. आणि दुसऱ्या सदस्य, वटवाघूळ आत्याबाई. आत्याबाई दिवसा झोपत आणि बैठका दिवसा होत. त्यामुळे मंडळाचा प्रत्येक ठराव एकमतानं मंजूर होई.

मंडळानं घोरपडरावांना नदीपलीकडे पाठवलं. गुपचूप बघून या म्हणाले, ती पोरं जिंकतात कशी.

घोरपडराव तीन दिवस एका खडकाला चिकटून बसले. पापणीही हलवली नाही. परत येऊन त्यांनी अहवाल दिला.

"सकाळी ती पोरं नदीत पोहतात," घोरपडराव म्हणाले. "दुपारी चिंचेच्या झाडावर चढतात. संध्याकाळी चिखलात लोळतात आणि एकमेकांना पाडतात."

"आणि फुटबॉल?" गवाआजोबांनी विचारलं.

"तो मधूनमधून. असाच."

गवाआजोबांनी बराच वेळ विचार केला. म्हणजे चघळलं.

"फुटबॉल तर आपली पोरंही खेळतात," ते शेवटी म्हणाले. "तरी हरतात. याचा अर्थ काय? फुटबॉल खेळून कुणी फुटबॉलमध्ये जिंकत नाही."

घोरपडराव चाटच पडले. एवढा सरळ विचार आजवर कुणाला सुचला नव्हता.

"मग आधी बाकीचं सगळं शिकवू," आजोबा म्हणाले. "ते पक्कं झालं, की चेंडू. आत्याबाई, तुमचं काय मत?"

आत्याबाई घोरल्या. ठराव मंजूर झाला.

बाकीचं सगळं म्हणजे काय, हे ठरवायला मात्र वर्ष गेलं. पोहणं आणि झाडावर चढणं तर हवंच होतं, पण ते परक्या रानाचं. आपल्या जंगलाचंही काही हवं, असं आजोबांचं म्हणणं. मग घोरपडरावांनी खडकाला चिकटणं घातलं. "पोर एकदा चिकटलं, की हलता कामा नये," ते म्हणाले. फुटबॉलमध्ये हे कुठे लागतं, असं कुणी विचारलं नाही. आत्याबाईंना जाग आली तेव्हा त्यांनी उलटं लटकणं सुचवलं. मोराला वाटलं, आपला पिसारा राहिला. रानडुक्कर म्हणालं, मुळं कोण उकरणार? ज्याला जे येत होतं, ते त्यानं यादीत घातलं. एकूण एकवीस प्रकार झाले.

एकविसावा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रकार खुद्द अध्यक्षांचा होता. रवंथ.

"रवंथानं एकाग्रता येते," गवाआजोबा म्हणाले.

आणखी एक बारीकशी गोष्ट. ज्याला जे येतं, ते त्यानं करायचं नाही, असंही ठरलं. येतं ते पुन्हा कशाला? वेळ फुकट. म्हणून सशाला पळायची बंदी झाली. त्याला हळू चालायचा सराव दिला. माकडाला बिळं खणायला बसवलं. परडी नावाची एक कासवाची मुलगी होती, भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. तिला लांब उडी दिली. परडी रोज सकाळी उडीसाठी मागे जायची. मागे पोचेपर्यंत दुपार व्हायची. मग तिला पुढे यायला सांगायचे, कारण सरावाची वेळ संपलेली असायची.

"सुधारणा आहे," घोरपडराव तिच्या पानावर लिहीत.

हो, प्रत्येकाला वडाचं पान मिळे. एकेक प्रकार पूर्ण झाला, की त्यावर नखानं एक रेघ.

भिंगरीच्या पानावर वीस रेघा होत्या.

सगळ्या पोरांत तिच्याच सगळ्यात जास्त. तिला काही फार आवड होती असं नाही. तिला चेंडू हवा होता. एवढंच. डोळे उघडल्यापासून ती त्या जाळीकडे बघत आली होती. चेंडूपर्यंतची वाट एकवीस रेघांची आहे ना? मग मारते रेघा, असं तिनं मनाशी ठरवलं. ती पोहली. खडकाला चिकटली, नखं तुटेपर्यंत. शेपटीनं फांदीला उलटी लटकली, डोकं सुन्न होईपर्यंत. पिसारा नव्हता, तर पाठीला बांबूची पानं बांधून मोरापुढे नाचली. मोरानं नाक मुरडलं, पण रेघ दिली.

आणि रोज सगळे गेल्यावर ती ओढ्याकाठी जाऊन कवठाला लाथा मारायची. कवठ म्हणजे चेंडू नव्हे. कवठ उसळत नाही, पण ते गोल तरी असतं. तिच्या पायाची बोटं कायम सुजलेली असायची.

"बोटांना काय झालं?" आई विचारायची.

"मोराचा नाच," भिंगरी सांगायची.

आता घोर असा होता, की ही भिंगरीची तिसरी होळी होती. तिसऱ्या होळीनंतर पिल्लू मोठं झालं असं धरत, आणि बालसंघातून नाव निघे. मोठ्यांचा संघ नव्हताच. मोठे मंडळात जात. गेल्या दोन होळ्यांना मंडळानं संघ पाठवलाच नव्हता, सराव अपुरा म्हणून. यंदा पाठवायचं ठरलं होतं. म्हणजे भिंगरीचा हा पहिलाच सामना, आणि शेवटचाही. सामन्याला आठ दिवस उरले होते आणि पानावर एक रेघ कमी होती.

ती गवाआजोबांपुढे जाऊन बसली. ही तिची नववी खेप.

"घे," आजोबांनी गवताची काडी पुढे केली. "चाव."

"चावली."

"गिळ."

"गिळली."

"आता परत वर आण."

भिंगरीनं डोळे मिटले. पोट आवळलं. मान वर केली, खाली केली. कान लाल झाले. काही वर आलं नाही.

"मन लाव," आजोबा म्हणाले.

"लावलंय, आजोबा."

"आमचा ढेपा बघ. जन्मल्यापासून करतो."

ढेपा म्हणजे आजोबांचा नातू. गव्याचं पिल्लू. भला गुबगुबीत मुलगा. तो शेजारीच बसून रवंथ करत होता. त्याच्या पानावर एकवीस रेघा होत्या, आणि एकवीस रेघा असलेला तो एकटाच होता. आता तुम्ही म्हणाल, गव्याचं पिल्लू उलटं लटकलं कसं? तर लटकलं नाही. फांदी मोडली. पण आत्याबाईंनी शेरा दिला, हेतू स्वच्छ होता.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "ढेप्याला चार पोटं आहेत. मला एक आहे."

"सबबी सांगू नकोस."

"सबब नाही. मी मुंगूस आहे."

"हेच ते!" आजोबांनी शिंगं हलवली. "हल्लीच्या पोरांचं हेच. आधी म्हणायचं मी अमुक आहे, मी तमुक आहे. अगं, अंगात नसलेलं आणण्यालाच सराव म्हणतात. आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा—"

"तेव्हा तुम्ही चेंडू खेळायचात?"

आजोबांना ठसका लागला. परीक्षा संपली. रेघ मिळाली नाही.

होळीचा दिवस उजाडला. मैदानाभोवती सगळं जंगल लोटलं. नदीपलीकडची पोरं पोहत आली, अंग झाडलं आणि मैदानात गडबडा लोळायला लागली. त्यांची कप्तान होती लव्हाळी, पाणमांजराची मुलगी. तिच्या मिशांवर चिंचेचा कोळ लागलेला होता.

पंच म्हणून तिसऱ्याच रानातून टिटवीला बोलावलं होतं. शिट्टी तिच्या घशातच होती.

चेंडू वडावरून उतरवला. माळ काढली. नारळ फोडला. मग गवाआजोबांनी आपल्या संघाला जवळ बोलावलं.

"बाळांनो," ते म्हणाले, "अकरा जण लागतात म्हणून तुम्हा अकरांना आम्ही मैदानात पाठवतोय. पण नियम म्हणजे नियम. चेंडूला पाय फक्त ढेप्यानं लावायचा. त्याचं सगळं पूर्ण झालंय."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"मग आम्ही काय करायचं?" भिंगरीनं विचारलं.

"जे शिकवलं ते करायचं," घोरपडराव म्हणाले. "दोन वर्षं काय फुकट घालवलीत?"

टिटवीची शिट्टी झाली. आणि बाळांनो, तसा सामना त्या नदीच्या कुठल्याच काठावर पुन्हा झाला नाही.

नदीपलीकडची पोरं चेंडू घेऊन धावली. आपल्या जंगलाचा ससा त्यांच्या बाजूनं हळू चालला. अगदी शिकवल्यासारखा, पाय मोजत. माकडानं मधल्या फळीत एक सुंदर बीळ खणलं आणि त्यात ते स्वतःच अडकलं. दोन खारी गोलच्या खांबाला चिकटल्या आणि जाम हलल्या नाहीत. परडी गोलरक्षक होती. चेंडू येताना दिसला, की ती उडीसाठी मागे जायला निघायची. ती मागे पोचायच्या आत गोल झालेला असायचा, आणि पुढचाही.

ढेपा मैदानाच्या मध्यावर बसला होता. एकाग्र.

भिंगरी गोलच्या आडव्या दांडीला उलटी लटकली. ती आत्याबाईंची रेघ होती, आणि त्या आज मुद्दाम जाग्या राहिल्या होत्या. उलटं लटकून तिनं चेंडू आपल्या खालून जाताना पाहिला. एकदा. दोनदा. पाचदा. इतका जवळून, की हळदीचा वास आला.

"व्वा! काय लटकलीय!" आत्याबाई किंचाळल्या.

मोठी मंडळी टाळ्या वाजवत होती. चेंडूची हळद सुटत होती. नदीपलीकडच्या एकूण एक पोराचे पाय पिवळे झाले होते. आपल्या पोरांचे पाय मात्र लख्ख.

"बघा," घोरपडराव अभिमानानं म्हणाले, "कसे स्वच्छ आहेत. याला म्हणतात वळण."

मध्यंतराला नऊ-शून्य झाले होते.

भिंगरी पाणी प्यायला नदीवर गेली. शेजारी लव्हाळी पाय धूत होती.

"तुमचं हे काय चाललंय?" लव्हाळीनं विचारलं. "कुणी मेलंय का?"

"सर्वांगीण सराव आहे," भिंगरी म्हणाली. "तुमच्यावरूनच घेतलाय."

"आमच्यावरून?"

"तुम्ही सकाळी पोहता ना?"

"उकडतं म्हणून."

"आणि दुपारी चिंचेवर चढता."

"अगं, चिंचा वर असतात. खाली असत्या तर कोण कडमडलं असतं?"

भिंगरी पाणी प्यायची थांबली.

"आणि चिखलात लोळता, एकमेकांना पाडता ते?"

"मज्जा येते." लव्हाळी तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही नाही लोळत?"

"लोळतो. मंगळवारी. त्याची परीक्षा असते. तुमची परीक्षा कोण घेतं?"

"कशाची?"

"लोळायची."

लव्हाळी इतकी हसली, की पाण्यात पडली. वर येऊन तिनं नाकातलं पाणी शिंकरलं.

"आणि तुमचे मोठे?" भिंगरीनं विचारलं. "ते काय करतात?"

"दुपारचे झोपतात. आम्ही ओरडलो की हाकलून देतात. म्हणून तर आम्ही दिवसभर बाहेर असतो." मग ती जरा थांबली. "पण तू एका शेपटीवर लटकतेस, ते झकास आहे हं. आमच्यात कुणाला नाही येत. पोहतेसही म्हणे. एवढं सगळं येतं, मग चेंडू का मारत नाहीस?"

भिंगरीनं तोंड उघडलं. लहानपणी आईनं ठेवलेला पंजा अजून तिथेच असल्यासारखा वाटला.

"बघू," ती म्हणाली.

दुसरा डाव सुरू झाला. भिंगरी लटकायला गेलीच नाही. ती मैदानात उभी राहिली. आत्याबाईंनी वरून खूण केली, दांडीकडे, दांडीकडे. भिंगरीनं बघितलं नाही.

चेंडू घरंगळत आला. तिनं पाय उचलला आणि मारला.

आता बाळांनो, इतर गोष्टींमध्ये इथे चेंडू सरळ गोलमध्ये जातो. पण कवठाची सवय झालेला पाय, आणि चेंडू हलका. तो वर गेला, आणखी वर गेला, बांबूच्या पार वरून गेला आणि बोरीच्या झुडपात पडला.

भिंगरीनं पायाकडे पाहिलं. पाय पिवळा झाला होता. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं तो जमिनीला टेकवलाच नाही.

"पाय!" घोरपडराव ओरडले. "पाय बघा तिचा!"

लव्हाळीच्या पोरांनी चेंडू झुडपातून ओढून काढला आणि खेळ पुन्हा सुरू केला. मोठे काही बोलायच्या आत भिंगरीनं धावत जाऊन तो त्यांच्या पायातून काढून घेतला. आता तिला वजन कळलं होतं.

"पळ रे!" ती सशाला म्हणाली.

"मला बंदी आहे," ससा हळू चालत म्हणाला.

"मग मोठी पावलं टाक!"

सशानं एक मोठं पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग पायांनी त्याचं ऐकणं सोडून दिलं, आणि तो दिसेनासा झाला. चेंडू भिंगरीकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुन्हा भिंगरीकडे. समोर गोल. मध्ये एकटा गोलरक्षक.

"थांबवा!"

गवाआजोबा स्वतः मैदानात उतरले होते. ते चालत आले तशी जमीन हादरली, आणि माकड बिळातून मोकळं झालं. ते येऊन थेट गोलपुढे उभे राहिले. गोल दिसेनासा झाला.

टिटवीनं शिट्टी दिली. खेळ थांबला. चेंडू भिंगरीच्या पायाखाली होता. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"पोरी, पाय काढ," आजोबा म्हणाले.

"आजोबा, बाजूला व्हा. लागेल."

"लागेल? मला?" आजोबांनी जमलेल्या जंगलाकडे पाहिलं. "ऐकलंत? नियम मोडला तो मोडला, वर हे. तुझा रवंथ बाकी आहे!"

"तो बाकीच राहणार आहे."

"याच दिवसासाठी तुला वीस प्रकार शिकवले का?" घोरपडराव पुढे आले. "मी! स्वतः! खडकाला चिकटायला शिकवलं!"

"हो काका. म्हणून तर पाय चेंडूवरून हलत नाहीये."

पोरं खिदळली. घोरपडरावांनी त्यांच्याकडे जीभ काढून पाहिलं. घोरपडींची ती सवयच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"आजोबा," मध्यावरून ढेपा म्हणाला. त्याचं तोंड भरलेलं होतं. "मारू दे की तिला. मला नाहीच आवडत फुटबॉल."

"तू गप्प बस. तुझं सगळं पूर्ण आहे."

"पण मला कुणी विचारलंच नव्हतं," ढेपा म्हणाला आणि पुन्हा चघळायला लागला.

गवाआजोबा गोंधळले. पोरगी हलत नाही, पाहुणे बघताहेत, टिटवी एका पायावर उभी राहून वाट बघतेय. त्यांनी मंडळाला बाजूला घेतलं. तिघांनी डोकी एकत्र केली. आत्याबाईंचं डोकं खाली असतं म्हणून बाकीचे दोघे वाकले. थोड्या वेळानं आजोबा परत आले. आता त्यांचा आवाज मऊ होता.

"भिंगरी बाळ," ते म्हणाले, "तू गुणी मुलगी आहेस. वीस रेघा काय खायचं काम नाही. आमचं मन काही दगडाचं नाही. असं कर, तू फक्त म्हण, 'आजोबा, मी रवंथ केला.' एवढंच. आम्ही मान्य करू. आत्ता, इथे. घोरपडराव रेघ मारतील. मग खुशाल मार चेंडू."

घोरपडरावांनी तिचं वडाचं पान पुढे धरलं. नख उगारलं.

मैदानभर कुजबूज झाली. पोरांचे चेहरे उजळले.

"म्हण ना गं!" परडी गोलमधून ओरडली. ती अजून उडीसाठी मागेच चालली होती. "तीन शब्द आहेत!"

"म्हणून टाक," ससा म्हणाला. त्याचे पाय जागच्या जागी थरथरत होते. "मला पुन्हा पळायचंय."

"सूर्य खाली चाललाय," लव्हाळी म्हणाली. "म्हण आणि मार. आमच्यात कुणी लक्ष पण देणार नाही."

गर्दीत तिची आई उभी होती. तिनं पंजा स्वतःच्याच तोंडावर ठेवला होता.

भिंगरीनं पानाकडे पाहिलं. वीस रेघा. एकेक तिला आठवली. खडकावर तुटलेली नखं. मोरापुढचा नाच. त्या सगळ्या खऱ्या होत्या. खुळ्या होत्या, पण खऱ्या होत्या. पायाखालचा चेंडू गरम झाला होता. तीन शब्द म्हटले, की तो तिचा. नाही म्हटले, तर पुन्हा जाळीत, आणि ती मोठी. आणि मोठं झाल्यावर एखाद्या दिवशी ती मंडळात बसेल, आणि कुणा पिल्लाला सांगेल, की मीसुद्धा रवंथ केला होता.

"नाही," भिंगरी म्हणाली.

"काय नाही?"

"मी रवंथ केला नाही. मला येत नाही. आणि केला असं मी म्हणणार नाही."

"अगं, पण आम्ही मान्य करतोय ना!"

"तुम्ही करा. मी नाही करणार."

आजोबांचा आवाज पुन्हा चढला. "एकवीस पूर्ण नाहीत, मंडळाची परवानगी नाही, मोठ्यांचा शब्द नाही! मग खेळणार कशाच्या जोरावर?"

"पायाच्या."

गवाआजोबांनी घोरपडरावांकडे पाहिलं. घोरपडरावांनी पानाकडे पाहिलं आणि उगारलेलं नख हळूच खाली घेतलं. आत्याबाईंनी झोप लागल्यासारखे डोळे मिटले, पण त्या घोरत नव्हत्या.

मंडळ गप्प झालं, तशी भिंगरीनं चेंडू मारायला पाय उचलला.

तात्पर्य : मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मुळीच मध्ये बोलू नये. ती गप्प होतील असं काहीतरी करावं, आणि ती पुन्हा सुरू व्हायच्या आत खेळून घ्यावं.